संसारी विद्यार्थिनीची कैफियत

‘शिकायला वय नसते’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक बक्षीस-समारंभात एकदा तरी ऐकायला मिळते. पाहुणे ते म्हणतात, अध्यक्ष त्याला दुजोरा देतात आणि सभागृह टाळ्या वाजवते. पण समारंभ आटोपून कार्यालयाच्या खिडकीशी जावे आणि प्रवेशअर्जाचा नमुना हाती घ्यावा, तर पहिल्याच पानावर वयाचा रकाना आ वासून उभा असतो. व्यासपीठावरचे वाक्य खरे मानायचे की अर्जावरचा रकाना? या प्रश्नाचे उत्तर मला गेल्या तीन वर्षांत जसे उमगले तसे ते सहाध्यायांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी या महाविद्यालयात कला शाखेच्या तृतीय वर्षात शिकते. माझी बारावी आणि माझे प्रथम वर्ष यांच्यामध्ये सोळा वर्षांचा काळ गेला. घरात दोन मुले आहेत, सासूबाई आहेत, धाकटे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुले आहेत. वर्गात मला कुणी ‘काकू’ म्हणते, कुणी ‘ताई’, तर एकदा एका नव्या विद्यार्थ्याने मला प्राध्यापिका समजून वर्गाबाहेर थांबण्याची परवानगी मागितली होती. यात रागावण्यासारखे काही नाही. पण सांगायचे ते हे, की माझी गोष्ट फार सोपी आहे. कला शाखा ही मोठी मायाळू शाखा. एखादा तास चुकला तर मैत्रिणीची वही मिळते आणि रात्री मुले झोपल्यावर पुस्तक उघडता येते. खरी कसोटी पाहायची असेल तर ती माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या शिक्षणात दिसते. त्या तेहेतिसाव्या वर्षी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला गेल्या आणि सध्या तिसऱ्या वर्षात आहेत.

हा अभ्यासक्रम म्हणजे जी. एन. एम., अर्थात सर्वसाधारण परिचर्या आणि प्रसूतिसाहाय्य. तो तीन वर्षांचा आहे. कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीलाही, इंग्रजी विषय आणि आवश्यक गुण असतील तर, त्याचे दार उघडे असते. ही गोष्ट आपल्याच महाविद्यालयातल्या पुष्कळ मुलींना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम नोंदवते. मात्र हे दार एका बाजूने सतराव्या वर्षी उघडते आणि दुसऱ्या बाजूने पस्तिसाव्या वर्षी बंद होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा तसा नियमच आहे. ज्या स्त्रिया आधीच सहायक परिचारिका म्हणून काम करीत आहेत त्यांना तेवढी वयाची अट नाही. जाऊबाई आणखी तीन वर्षे थांबल्या असत्या, तर शिकायला वय असते की नसते याची चर्चा आमच्या घरात कायमचीच मिटली असती.

शिस्तही कडक आहे. परीक्षेला बसायचे तर ऐंशी टक्के उपस्थिती हवी, आणि प्रमाणपत्र हाती पडण्यापूर्वी रुग्णालयातले प्रात्यक्षिक शंभर टक्के पुरे झालेले असावे लागते. एक दिवस बुडाला तर तो भरून द्यावा लागतो. या शिस्तीविरुद्ध माझी यत्किंचितही तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करते. सुई टोचून घेणाऱ्या रोग्याला आपली परिचारिका दोन मुलांची आई आहे की काल बारावी झालेली आहे याच्याशी कर्तव्य नसते. तिचा हात स्थिर असावा आणि औषधाची मात्रा बरोबर असावी, एवढेच त्याला हवे असते. तेव्हा संसारी बाईला ज्ञानात सूट द्या, असे कोणी म्हणत असेल तर त्या पंक्तीला मी बसणार नाही. माझे म्हणणे निराळे आहे. ज्ञानाचे माप तेच ठेवावे, पण ते मिळवण्याच्या वेळा, जागा आणि वयाच्या अटी एकाच प्रकारच्या विद्यार्थ्याकडे पाहून ठरवू नयेत.

हा एकाच प्रकारचा विद्यार्थी कोण, ते पाहू. आपल्या पूर्वजांनी आयुष्याचे चार आश्रम कल्पिले. विद्या ब्रह्मचर्याश्रमात आणि प्रपंच गृहस्थाश्रमात, अशी त्यांची वाटणी. आज आश्रमव्यवस्था कुणी पाळत नाही, पण शिक्षणसंस्थांच्या वेळापत्रकात ती अजून सुखाने नांदते आहे. त्या वेळापत्रकातला विद्यार्थी अठरा वर्षांचा असतो. त्याच्या मागे घर असते, पण घराची जबाबदारी नसते. त्याचा डबा कुणीतरी भरून देते. संध्याकाळी सात वाजता तास ठेवला तरी त्याच्यावाचून कुणाचे जेवण अडत नाही. जाऊबाईंच्या विद्यालयात पहिल्या वर्षी वसतिगृहात राहणे सक्तीचे होते. सतरा वर्षांच्या मुलींच्या सुरक्षिततेसाठी तो नियम रास्तच आहे. पण तेहेतीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईला रात्री नऊनंतर फाटकाबाहेर पाऊल टाकायचे नाही असे सांगताना त्या नियमाला स्वतःशीच हसू यायला हवे होते. त्या वर्षी त्यांची मुले माझ्याजवळ राहिली. धाकट्याला ताप आला तेव्हा आईने मुलाची नाडी फोनवरून मोजली; मी आकडे सांगत होते आणि त्या घड्याळ पाहत होत्या.

आता वयाचा मुद्दा घेऊ. वय वाढले की नवे शिकणे जड जाते, असे म्हणतात. पाठांतरापुरते ते खरे असेल. जाऊबाईंची पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत. आरंभी रात्री अकरा वाजता आम्ही दोघी शब्दकोश मांडीवर घेऊन बसत असू आणि शरीरशास्त्राच्या एका पानाला दीड तास लागत असे. अठरा वर्षांच्या मुली तेच पान अर्ध्या तासात उरकीत. पण पुढे एक गंमत दिसून आली. पुस्तकात आले, की अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. वर्गातल्या मुलींनी वाक्य पाठ केले. जाऊबाईंनी मात्र आमच्या मामंजींच्या अखेरच्या आजारात आठ महिने हेच काम केले होते. आपण करीत होतो ते बरोबर होते, एवढेच नव्हे, तर ते का बरोबर होते, हे त्यांना त्या दिवशी कळले. हाडाच्या उंचवट्यावर सतत भार पडला की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि कातडी मरू लागते. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देणे आमच्या घरात कुणाला नवे नव्हते. पण एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे माप कशासाठी, आणि साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून अधिक चांगले शोषले जाते म्हणजे काय, हे समजल्यावर त्या घरी येऊन सासूबाईंना चिमटीऐवजी चमचा वापरायला लावू लागल्या. ज्याच्या हाताला काम ठाऊक असते त्याला कारण सांगितले की ते कायमचे बसते. प्रौढ विद्यार्थ्याची ही पुंजी आपल्या शिक्षणपद्धतीने अद्याप नीट मोजलेली नाही.

आधुनिक परिचर्येचा आरंभ ज्या बाईंपासून मानतात त्यांचे या बाबतीत काय मत होते, हेही पाहण्याजोगे आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यासाठी गेल्या तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. पुढे १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाचे परिचारिका विद्यालय सुरू झाले. तिथल्या उमेदवार स्त्रियांसाठी इष्ट वय मानले गेले ते पंचवीस ते पस्तीस. म्हणजे पोक्तपणा ही त्या शाळेला अडचण वाटत नव्हती, पात्रता वाटत होती. जे वय तिथे शिक्षणाच्या उमेदीचे मानले गेले, त्याच वयाच्या शेवटाशी आपण दाराला कडी लावतो.

कुणी म्हणेल, विलायतेतल्या गोष्टी विलायतेत. तर मग घरच्याच पाहू. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ चा आणि विवाह १८४० चा. त्यांचे सारे शिक्षण लग्नानंतरचे आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो. पण १८५५ साली फुले दांपत्याने शेतकरी आणि कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. दिवसा राबणाऱ्याला दिवसा शाळेत येता येणार नाही, एवढे साधे सत्य ओळखून त्यांनी वेळापत्रक विद्यार्थ्याकडे नेले. आणि याच सावित्रीबाई १८९७ साली पुण्याच्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगाला बळी पडल्या. परिचर्येच्या इतिहासात त्यांचे नाव निदान महाराष्ट्राने तरी अग्रभागी लिहायला हवे.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण असेच आहे. त्यांचा विवाह १८७३ साली, अकराव्या वर्षी झाला. सासरच्या बायकांची बोलणी सोसत त्या अक्षर गिरवू लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःसारख्याच स्त्रिया होत्या: वय वाढलेल्या, घरात अडकलेल्या, कित्येक विधवा. त्या काळी रोग्याची सेवा करणे हे कुलीन घरातल्या बाईचे काम नव्हे, असा समज घट्ट होता. तरीही सेवासदनाने प्रौढ स्त्रियांच्या वर्गांबरोबर परिचारिकांच्या शिक्षणालाही हात घातला. १९५८ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाने, दुर्गाबाई देशमुखांच्या पुढाकाराच्या काळात, शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी थोड्या अवधीत शालेय शिक्षण पुरे करणारे वर्ग सुरू केले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांतल्या किती बायकांनी चुलीपुढे बसून पदव्या मिळवल्या ते आपण सारे पाहतच आहोत. सांगायचे तात्पर्य, संसारी बाईसाठी वेळापत्रक वाकवणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. उलट ती आपली जुनी आणि अभिमानाची रीत आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. परिचारिकेला तयार करण्यासाठी समाज पैसा आणि श्रम खर्च करतो. जागा मोजक्या असतात. विशीतली मुलगी तयार झाली तर ती पस्तीस-चाळीस वर्षे सेवा देईल, चाळिशीतली बाई त्याच्या निम्मीच देईल. मग जागा कुणाला द्यावी? हिशेब वरवर बिनतोड दिसतो. पण तो कागदावरचा आहे. विशीत तयार झालेल्या कित्येक मुली लग्न झाले, मूल झाले की नोकरी सोडतात. कित्येक परदेशी जातात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. उलट चाळिशीतल्या बाईची मुले मोठी झालेली असतात, घर एका गावात रुजलेले असते. ती अठरा-वीस वर्षे त्याच तालुक्यात, त्याच आरोग्यकेंद्रात काम करण्याची शक्यता अधिक. ग्रामीण रुग्णालयांना कोणती परिचारिका अधिक काळ मिळेल, याचा हिशेब कुणीतरी मांडून पाहावा.

शिवाय याच सरकारने एका दुसऱ्या ठिकाणी नेमका उलटा निर्णय घेतलेला आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी ‘आशा’ स्वयंसेविका नेमल्या गेल्या. त्यांच्या निवडीचे निकष पाहा: ती त्याच गावात राहणारी असावी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, वय शक्यतो पंचवीस ते पंचेचाळीस असावे. का बरे? तर ती गावात टिकते, बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलतात, बाळंतपणाचा अनुभव तिला असतो. म्हणजे प्रपंच केलेली पोक्त बाई हीच आरोग्यसेवेला योग्य, हे सरकारला पुरते पटलेले आहे. फक्त ती स्वयंसेविका म्हणून, मानधनावर हवी. हीच बाई छत्तिसाव्या वर्षी म्हणाली, की मला आता हे शास्त्र रीतसर शिकून पगारी परिचारिका व्हायचे आहे, तर तिला वय आडवे येते. घरोघर हिंडायला जे वय योग्य, ते वर्गात बसायला अयोग्य कसे, हे मला अजून कुणी समजावून दिलेले नाही.

दोष एकट्या सरकारचा नाही. घरात वापरल्या जाणाऱ्या एका शब्दाकडेही पाहिले पाहिजे. तो शब्द ‘परवानगी’. ‘आम्ही तिला शिकायची परवानगी दिली’ असे घरातली माणसे कौतुकाने सांगतात, आणि ऐकणारेही त्यांचेच कौतुक करतात. परवानगी देण्याला वेळ लागत नाही. पहाटे साडेचारला उठून दोन डबे कोण भरणार, मुलांच्या शाळेच्या सभेला कोण जाणार, सासूबाईंना दवाखान्यात कोण नेणार, यांची उत्तरे परवानगीत नसतात. आमच्या घरी हे प्रश्न भांडत-तंडत का होईना पण सुटले. धाकटे दीर भाकरी थापायला शिकले नाहीत, पण कुकर लावायला आणि मुलांच्या वेण्या घालायला शिकले. सासूबाई, ज्यांनी पहिल्या दिवशी ‘या वयात काय हे’ म्हणून तोंड फिरवले होते, त्या आता शेजारणींना रक्तदाबाचे वरचे आणि खालचे आकडे समजावून सांगतात. मात्र ज्या घरात दुसरी जाऊ नाही, तिथल्या बाईने काय करावे? म्हणूनच हा प्रश्न घरांच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. त्याला संस्थेने उत्तर द्यायला हवे.

संस्थेने काय करावे, याची यादी मोठी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व विद्यापीठांना पत्र पाठवून, पदवी आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थिनींसाठी प्रसूतिरजेचे आणि त्या काळातील उपस्थितीच्या सवलतीचे नियम करावेत असे सुचवले. त्या पत्रावर आपल्याकडे काय झाले ते एकदा सूचनाफलकावर लागावे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले, पण विद्यार्थिनी ही कर्मचारी नव्हे. तिच्या मुलाचा उल्लेख त्या कायद्यात नाही. पाळणाघराची मोठी गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. विद्यार्थिनींच्या खोलीला लागून एक स्वच्छ, आडोशाची जागा असली तरी तान्ह्या मुलाच्या आईचे वर्ष वाचेल. अंतर्गत चाचणीची तारीख आदल्या दिवशी दुपारी न सांगता पंधरा दिवस आधी सांगावी. ग्रंथालय सकाळी तासभर लवकर उघडावे. यांपैकी एकाही गोष्टीने अभ्यासक्रम सैल होत नाही. आणि खरे सांगायचे तर यांचा उपयोग संसारी विद्यार्थिनींपुरता नाही. सकाळी दुधाची लाइन टाकून वर्गात येणारा, किंवा रात्री पेट्रोलपंपावर काम करणारा आपलाच वर्गमित्र याच तारखेसाठी आणि याच ग्रंथालयासाठी आतुर असतो. तो बोलत नाही, एवढेच.

सहाध्यायांकडेही एक मागणे आहे. गटप्रकल्प वाटताना माझ्यासारखीचे नाव शेवटी उरते. तुमचा हेतू वाईट नसतो. ‘काकूंना कशाला त्रास’ असेच तुमच्या मनात असते. पण त्रास चुकवायला आम्ही इथे आलेलो नाही. कामाचा वाटा द्या, चुकला तर तोंडावर सांगा. आणि गटाची बैठक संध्याकाळी सातऐवजी दुपारी दोनला ठेवता येईल का, एवढे विचारा.

लवकरच नव्या वर्षाचे प्रवेश सुरू होतील. कार्यालयाच्या खिडकीशी मुलांच्या घोळक्यात एखादी बाई हातात जुन्या गुणपत्रिकेची घडी घेऊन अवघडून उभी असलेली दिसेल. तिला ‘कुणाच्या प्रवेशासाठी आलात?’ असे विचारू नका. कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर मिळतो, शुल्क हप्त्याने भरता येते का आणि तास किती वाजता सुटतात, तेवढे सांगा. ज्या प्रश्नांसाठी ती रात्रभर जागी राहिलेली असते, ते हेच असतात.